विठोजीरावांचा फळा

विठोजीराव घाटग्यांनी फळा लावला तेव्हा गल्लीतल्या एकाही माणसानं मान वर करून त्याकडे पाहिलं नाही. पुढे त्याच फळ्यापायी अर्धी गल्ली त्यांच्यावर उलटली, तेव्हाही विठोजीरावांनी तो काढला नाही. मधल्या काळात जे झालं त्याला बंगळूरच्या चामराजपेटेतले आमचे लोक अजून 'त्या दसऱ्याची भानगड' म्हणतात. विठोजीराव त्याला प्रचारकार्य म्हणतात. त्यांच्यासमोर भानगड हा शब्द काढलात तर त्या घरी तुम्हाला पुन्हा कॉफी मिळायची नाही.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. भवानीच्या देवळाच्या आवारात, चपला काढायच्या जागेला लागून एक खोली आहे. तिच्यात रुग्णसाहित्य मंडळ. नाव भारदस्त, सामान साधं: चाकाच्या खुर्च्या, वॉकर, काठ्या, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी आणि बेडपॅन. ज्याच्या घरी दुखणाईत असेल त्यानं न्यावं, गरज सरली की धुऊन परत आणावं, पैसा द्यायचा नाही. कार्यकारिणीत नावं पुष्कळ होती, पण किल्ली फक्त विठोजीरावांच्या कमरेला असायची. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला कुठली तरी किल्ली लागतेच.

हे खूळ त्यांनी का काढलं ते एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका. त्यांचे थोरले भाऊ खंडोजी अंथरुणाला खिळले होते. पडून पडून पाठ सोलली, जखमा झाल्या, माणूस रात्रंदिवस कण्हायचा. पाण्याची गादी म्हणून काही चीज असते आणि तिच्यावर निजवलं की पाठ शाबूत राहते, हे विठोजीरावांना कळलं ते खंडोजींच्या बाराव्याला, पंगतीत शेजारी बसलेल्या एका नर्सबाईंकडून. हातातला घास त्यांनी पानात ठेवला आणि उठले. एवढी साधी गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की विठोजीरावांना राग येतो.

तर त्या वर्षी श्रावणात देवळाच्या ट्रस्टची सभा भरली. ट्रस्टचे अध्यक्ष शंभूराज लाड. वय पन्नाशीचं, सफारी सूट, घर देवळाला अगदी चिकटून. इतकं की त्यांच्या मागच्या खोलीची खिडकी देवळाच्या आवारातच उघडते. उघडते म्हणजे उघडायला हवी. ती कायम बंद असायची. शंभूराजनी सभेत सांगितलं की बंगळूरात ज्याच्याकडे एक रिकामी खोली आहे तो तिच्यात कॉम्प्युटर क्लास काढतोय, आणि आपल्या समाजाची मुलं मात्र मागं राहिली आहेत. विद्यारंभाला विजयादशमीसारखा मुहूर्त नाही. मंडळाच्या खोलीत वर्षभरात माणूस फिरकलेला नाही.

"दसऱ्यापर्यंत लोक येताना दिसले तर खोली तुमची, विठोजीअण्णा," ते म्हणाले. "नाहीतर नवमीला सामान हलवायचं. सरी?"

"सरी, ठीक आहे," विठोजीराव म्हणाले, आणि घरी येईपर्यंत सगळ्या रस्त्यानं शंभूराजना जे म्हणायचं ते विजेच्या खांबांना म्हणत आले.

लोक येत नाहीत कारण लोकांना ठाऊक नाही. जसं आपल्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा लोकांना सांगायचं, असं ठरवून त्यांनी फळा आणला आणि गल्लीच्या तोंडाशी, देवळाच्या भिंतीवर, कल्लाप्पाच्या दुकानासमोर ठोकला. हा कल्लाप्पा खानापुराकडचा. केळी, सोडा, विडी-काडी विकतो आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलतो. फळा कन्नडमध्ये लिहायचा हे ओघानंच आलं. आमच्या घरांतून मराठी बोलतात, लिहितात कन्नड, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. विठोजीरावांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, म्हणून मजकूर त्यांचा आणि हात राजलक्ष्मीबाईंचा, असं ठरलं. राजलक्ष्मीबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. खडू हातात आला की त्यांचा आवाज आपोआप चढतो.

पहिल्या दिवशी सामानाची यादी लिहिली. कुणी वाचली नाही. एक गाय फळ्याला अंग घासून गेली, त्यानं कमोडची खुर्ची पुसली गेली, आणि ती पुसली गेली आहे हे आठवडाभर कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे हयवदनराव हे निवृत्त हेडक्लार्क, सोवळ्याओवळ्याचे पक्के. त्यांचं म्हणणं पडलं की लोकांना सकाळी सकाळी आजारपण वाचायला नको असतं, वर एखादा सुविचार घाला. विठोजीरावांनी सुविचार घातला. लोक सुविचार वाचून मान डोलवत पुढे जाऊ लागले. खालच्या ओळीपर्यंत पोचेतो त्यांचं मन इतकं शुद्ध झालेलं असायचं की त्यात बेडपॅनला जागाच उरत नसे.

मग त्यांना वाटलं, लोकांच्या उपयोगाचं लिहावं. कावेरीचं पाणी नळाला कधी येणार ते लिहायला सुरुवात केली. इथे मात्र गर्दी झाली. बायका मुद्दाम वाट वाकडी करून फळा बघून जाऊ लागल्या, आणि विठोजीराव कल्लाप्पाच्या बाकड्यावर बसून, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून ती गर्दी बघू लागले. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी वॉल्व्ह सोडणारा माणूस मेहुणीच्या लग्नाला गेला. फळ्यावर पहाटेची वेळ होती, पाणी आलं दुपारी. त्या दिवशी सकाळी विठोजीरावांच्या दारात रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी त्यांना जे ऐकवलं ते राजलक्ष्मीबाईंनीसुद्धा खोडून काढलं नाही. वॉकर मागायला अर्थातच कुणी आलं नव्हतं.

"अण्णा, रागवू नका," कल्लाप्पा म्हणाला. "पाणी, सुविचार, ह्येला कोन विचारतंय? लोकांस्नी लोकांची बातमी पायजे. मी गेली वीस वर्सं तीच विकतोय. केळी नुसती नावाला."

विठोजीरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता ते पुढे जे वागले त्याबद्दल त्यांना दोष देण्याआधी आमच्या देवळात एकदा येऊन जा. गाभाऱ्यावरच्या पंख्याला तीन पाती आहेत, तिन्हींवर दात्याचं नाव आहे. पंखा बंद असताना ते वाचता येतं, म्हणून दाते आले की पंखा बंद करावा लागतो. ट्यूबलाइटवर नाव, पायरीवर नाव, प्रसादाच्या पातेल्यावर नाव, पातेल्याच्या झाकणावर वेगळं नाव. घरी जावयाला दिलेल्या तांब्यावरही सासऱ्याचं नाव कोरलेलं. नाव लिहिणं म्हणजे मान, हे विठोजीरावांच्या हाडांत मुरलेलं होतं. जो मंडळाचं सामान नेईल त्याचं नाव फळ्यावर, आभारासहित. माणूस खूश, मंडळाची प्रसिद्धी, आणि लोक वाचणार.

राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, "अहो, स्वल्प विचार करा." विठोजीरावांनी स्वल्प विचार केला आणि खडू त्यांच्या हातात दिला.

नशीब असं की त्याच आठवड्यात पोस्टातून निवृत्त झालेले कृष्णाजी वॉकर न्यायला आले. न्हाणीघरात पाय घसरला होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कृष्णाजींचं नाव झळकलं, भोवती वेलबुट्टी, 'वॉकर नेल्याबद्दल मंडळ आभारी आहे, त्यांच्या गुडघ्याला लवकर आराम पडो.' कल्लाप्पानं ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवलं, आणि ज्यांना येतं त्यांनाही. दुपारपर्यंत कृष्णाजींच्या घरी अर्धी गल्ली शहाळी घेऊन हजर. प्रत्येकाकडे गुडघ्याचा एक उपाय आणि गुडघ्यानं गेलेला एक नातेवाईक. संध्याकाळी कृष्णाजींच्या सौभाग्यवतींनी कॉफीपूड संपली म्हणून दार लावून घेतलं आणि वॉकर कंपाउंडवरून मंडळाच्या दारात आणून टाकला. कृष्णाजी भिंत धरून चालू लागले.

विठोजीरावांना वाटलं, माणूस संकोची आहे.

मग चंद्राबाईंनी सासूसाठी पाण्याची गादी नेली. त्यांच्या मुलीला, भव्याला, त्याच रविवारी होसकोट्याहून मंडळी बघायला येणार होती. आली. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून त्यांनी पत्ता विचारला, तो नेमका कल्लाप्पाला. कल्लाप्पानं पत्ता सांगितला आणि सौजन्य म्हणून फळ्याकडे बोट केलं. पोहे खाऊन झाल्यावर मुलाच्या मामानं अगदी हळू आवाजात विचारलं की आजीबाईंचं दुखणं घराण्यातलं आहे का. त्यानंतर होसकोट्याहून काही निरोप आला नाही. गादी त्याच संध्याकाळी परत आली. चंद्राबाईंनी तिच्यातलं पाणीसुद्धा काढलं नव्हतं; खोलीच्या मधोमध टाकली तेव्हा ती बराच वेळ डुलत राहिली.

इकडे फळ्यासमोर सकाळी सातलाच लोक जमू लागले. कल्लाप्पानं दुसरं बाकडं टाकलं. वर्तमानपत्र घेणाऱ्यांनी आधी फळा, मग पेपर असा क्रम लावला. एका दिवशी फळ्यावर कुणाचंच नाव नव्हतं तर लोकांनी विठोजीरावांकडे तक्रार केली. आणि खोलीत? खोलीत गेलेलं सगळं सामान परत येऊन बसलं होतं. चोरून आणलेल्या मालासारखं लोक ते अंधारात दारात ठेवून पळत.

याच सुमारास कुणीतरी निनावी तक्रार केली की भिंतीवर विनापरवाना जाहिरात आहे. कचेरीतून एक गृहस्थ फीत घेऊन आले, फळा मोजला, आणि जाहिरात कशाची म्हणून विचारलं. विठोजीराव म्हणाले, दुखण्याची. गृहस्थांच्या अर्जात दुखणं हा प्रकार नव्हता. दुकान होतं, सिनेमा होता, धार्मिक होतं. धार्मिकला परवाना लागत नाही, तेव्हा वर देवाचं नाव लिहा आणि मोकळे व्हा, असं त्या भल्या माणसानं सुचवलंही. विठोजीरावांचा स्वाभिमान उसळला. देवाच्या आड बेडपॅन लपवणार नाही, दुखणं आहे तर दुखणंच लिहा, असं त्यांनी ठणकावलं. गृहस्थांनी सुस्कारा सोडून तीन प्रतींत अर्ज करायला सांगितला. निघताना मात्र ते कोपऱ्यात वळले आणि हळूच म्हणाले की सासऱ्यांना वॉकर हवा होता, फक्त नाव तेवढं लिहू नका.

नियम म्हणजे नियम, विठोजीराव म्हणाले. गृहस्थ वॉकर न घेताच गेले.

आणि मग शंभूराज. नवरात्र तोंडावर आलं होतं. एका संध्याकाळी शंभूराजचा ड्रायव्हर येऊन पिशवीतून बेडपॅन घेऊन गेला. साहेबांच्या आईंसाठी, सोयराबाईंसाठी. गल्लीत बहुतेकांची समजूत होती की सोयराबाई होसकोट्याला लेकीकडे राहतात. त्या इथेच होत्या, दोन वर्षं त्या मागच्या खोलीत, त्या बंद खिडकीआड. कंबर गेली होती. विठोजीरावांना वाटलं, आता आपण जिंकलो. खुद्द अध्यक्षांनी मंडळाचा लाभ घेतला, याहून मोठी प्रसिद्धी कोणती? त्यांनी स्वतः जाऊन रंगीत खडू आणले.

'अध्यक्ष श्री. शंभूराज लाड यांच्या मातोश्री श्रीमती सोयराबाई यांच्यासाठी बेडपॅन,' फळ्याच्या पूर्ण रुंदीत, गुलाबी चौकट, चारी कोपऱ्यांत कमळं.

त्या दिवशी लाडांच्या दिवाणखान्यातून बायकांची रांग लागली. शंभूराज कारखानदार मित्रांबरोबर सोफ्यावर बसले होते, आणि त्यांच्या पुढून एकामागून एक बाई 'सोयराअक्का कुठायत' म्हणत आत जात होती. संध्याकाळी ड्रायव्हर बेडपॅन परत घेऊन आला, आणि सोबत शंभूराजच्या हातची चिठ्ठी. त्यांचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, एकेका अक्षराला शेपूट. नवमीला सकाळी खोली रिकामी करा, माणसं पाठवतो, एवढाच मजकूर.

विठोजीराव भयंकर संतापले. ज्यांच्यासाठी केलं तेच उलटले, कुणाला कशाची किंमत नाही, असं त्यांनी खूप ऐकवलं. राजलक्ष्मीबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा फळा सगळी गल्ली वाचते. तुमच्या खोलीत कुणी येत नाही. तुम्हाला काय हवं होतं, ते एकदा नीट आठवून बघा."

विठोजीराव उठले आणि तरातरा फळ्याकडे गेले. सगळं पुसून 'ही गल्ली उपकार जाणत नाही' असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. स्टुलावर चढले. रागानं पुसताना हात जरा जास्तच लांब गेला. स्टूल एकीकडे, विठोजीराव दुसरीकडे. कल्लाप्पानं उचलून रिक्षात घातलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि पाय टेकवायचा नाही.

आता त्यांच्या घरात बसायचा संडास. डॉक्टर म्हणाले, कमोडची खुर्ची लागेल. राजलक्ष्मीबाई पदर खोचून निघाल्या, तेव्हा खाटेवरून विठोजीराव म्हणाले, "अगं, येताना वरून चादर टाकून आण. आणि मागच्या रस्त्यानं ये."

राजलक्ष्मीबाई उंबऱ्यात थांबल्या. "कृष्णाजींचा वॉकर झाकला होता तुम्ही?"

विठोजीरावांनी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर खंडोजींचा फोटो होता, तिकडेही बघवेना. बाई तशाच उभ्या होत्या, हातात चादर नाही. शेवटी विठोजीराव उठून बसले. कान लाल झालेले होते. मी काय चोरी केली आहे, ते म्हणाले. पाय माझा मोडला, लाज कसली. भर रस्त्यानं आण. आणि फळ्यावर लिही. मोठ्या अक्षरात लिही.

"विठोजीराव घाटगे यांनी कमोडची खुर्ची नेली आहे, असं लिही. भेटायला यायचं त्यानं यावं. उपाय घरी ठेवून यावं."

राजलक्ष्मीबाईंनी अक्षर न अक्षर तसं लिहिलं, आणि चारी कोपऱ्यांत कमळंही आठवणीनं रेखाटली. भर बाजारातून, दोन्ही हातांनी खुर्ची पुढे धरून त्या चालत आल्या. मागून गल्ली आली. विठोजीराव त्याच खुर्चीवर, झाकण लावून, वर पाट ठेवून बसले आणि येईल त्याला कॉफी पाजत राहिले. आत मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण चेहऱ्यावर त्यांनी दिसू दिलं नाही. कृष्णाजी भिंत धरत धरत आले, खूप वेळ खुर्चीकडे बघत बसले, आणि जाताना वॉकर मागून घेऊन गेले. बाकी कुणी काही मागितलं नाही. अष्टमी आली. उद्या नवमी, उद्या खोली जाणार.

अष्टमीच्या संध्याकाळी विठोजीराव वॉकरवर दारात उभे होते. गल्लीत रिक्षावाले रिक्षा धूत होते. बंगळूरात नवमीला आयुधपूजा, हे काय सांगायला हवं? रिक्षा, बस, लेथ, टाइपरायटर, कल्लाप्पाचा तराजू. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू, शेवंतीचा हार, केळीचे खुंट. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही, जागचं हलवत नाही. विठोजीराव बघत राहिले. मग त्यांनी आत हाक मारली.

"ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करतात. ज्याच्यावर माणूस चालतो त्याची का करू नये?"

हयवदनरावांना बोलावणं गेलं. शास्त्रात याला आधार आहे का, हा प्रश्न होता. चाकाच्या खुर्चीला त्यांनी लगेच मान्यता दिली. चाक आहे, म्हणजे ते वाहन. काठी हे शस्त्र आहे, तेव्हा तीही बसते. वॉकरला चार काठ्या धरून चालवून घेतलं. बेडपॅनपाशी मात्र गाडी अडली. हयवदनराव डोळे मिटून पुष्कळ वेळ बसले. अखेर, स्टीलचं आहे, चिंचेनं घासलं तर पात्र म्हणता येईल, मात्र आपण मंत्र उंबऱ्याबाहेरून म्हणू, असा निर्णय झाला.

नवमीला सकाळी शंभूराज टेम्पोवाला आणि चार हमाल घेऊन आवारात आले आणि जागच्या जागी थांबले. खोलीच्या दाराला केळीचे खुंट, आंब्याची तोरणं. आत वॉकर ओळीनं उभे, प्रत्येकाच्या गळ्यात हार. चाकाच्या खुर्चीला शेवंतीच्या माळा, चाकांखाली लिंबं. बेडपॅन चकचकीत, पोटाला हळदीकुंकवाची पाच बोटं, आत फुलं. पाण्याच्या गादीला उदबत्ती लांबूनच ओवाळली होती. उंबऱ्याबाहेर हयवदनराव खड्या आवाजात मंत्र म्हणत होते, आणि सगळ्याच्या पुढे, प्लास्टरचा पाय लांब करून, कमोडच्या खुर्चीवर विठोजीराव बसले होते. त्या खुर्चीलाही हार होता. आवार माणसांनी भरलं होतं, कारण फळ्यावर आदल्या रात्रीच निमंत्रण लागलं होतं.

शंभूराजनी हमालांना खूण केली. हमालांनी आत पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले. पूजेच्या आयुधाला आज हात लावायचा नाही, ते म्हणाले. टेम्पोवाला म्हणाला, तसाही टेम्पो आज चालवायचा नाही, नुसता उभा करायला आणलाय.

"विठोजीअण्णा, हा तमाशा बंद करा," शंभूराज दात आवळून म्हणाले. "उद्या मुहूर्त आहे. माझी आधीच शोभा केलीत ती पुरे नाही का?"

"मी उठणार नाही," विठोजीराव म्हणाले. "उचलायचं तर खुर्चीसकट उचला. माझी शोभा करून झालीय, आता मला कुणाची भीती नाही."

आणि तेव्हा ती खिडकी उघडली. दोन वर्षं लागून राहिलेली, कडी गंजलेली, ती कुरकुरत उघडली. पूजेच्या गडबडीत मागच्या दारानं शिरलेल्या राजलक्ष्मीबाई आत उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्याला धरून, उशांना टेकून, सोयराबाई बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, चेहरा हाताएवढा.

"शंभू," त्या म्हणाल्या, "पूजा झाली की गाडीला फेरी द्यावी लागते. लिंबं चिरडायची असतात. कोण बसणार आहे त्यात?"

शंभूराज खिडकीजवळ गेले. आई, लोक बघताहेत, तू आत हो, असं काहीतरी ते पुटपुटले.

"बघू देत की. फळ्यावर माझं नाव आलं त्या दिवशी चौदा बायका येऊन गेल्या. दोन वर्षांत तुझ्या बायकोशिवाय मला कुणी तोंड दाखवलं नव्हतं. तू म्हणत होतास अब्रू गेली. मला वाटलं, मी मेले नाही हे गल्लीला कळलं." मग त्या विठोजीरावांकडे वळल्या. "विठू, बेडपॅन कशाला परत घेतलास रे? ह्यानं पाठवला, मी नाही."

शंभूराजनी सफारीच्या बाह्या वर सारल्या, घरात गेले आणि आईला दोन्ही हातांवर उचलून मागच्या दारानं बाहेर आले. चाकाच्या खुर्चीत बसवताना शेवंतीची एक माळ तुटली, ती सोयराबाईंनी उचलून मांडीवर घेतली. शंभूराजना खुर्ची ढकलायची सवय नव्हती. पहिल्यांदा ती मागेच आली. मग लिंबं फुटली. हयवदनरावांनी मंत्र जोरात म्हटला, कल्लाप्पानं कोहळा आपटला, त्याचा रस हमालांच्या पायावर उडाला, आणि सोयराबाई देवळाला फेरी घालून गल्लीत निघाल्या. प्रत्येक दारापाशी थांबा म्हणत होत्या. प्रत्येक दारात शंभूराजना थांबावं लागत होतं. चंद्राबाईंच्या दाराशी तर त्यांनी आत डोकावून भव्यासाठी सोलापुरातलं स्थळसुद्धा सांगितलं. विठोजीराव कमोडच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उदबत्तीचा धूर लागला असं त्यांनी नंतर सांगितलं.

कॉम्प्युटर क्लास दुसऱ्या दिवशी देवळाच्या वरच्या हॉलमध्ये सुरू झाला. दोन कॉम्प्युटर होते, दोन्हींवर हार होते. जिना चढताना धाप लागते म्हणून मुलांच्या आज्यांनी पहिल्याच दिवशी खाली खोलीतून दोन काठ्या नेल्या, नावं लिहा म्हणून बजावून. नाव लिहायचं तर विचारून, हा नवा नियम राजलक्ष्मीबाईंनी केला होता. कचेरीतले गृहस्थही सासऱ्यांचा वॉकर निनावी घेऊन गेले होते. फळा आजही तिथंच आहे. त्याच्या परवान्याच्या तीन प्रती अजून भरायच्या आहेत.

विजयादशमीच्या सकाळी मात्र फळ्यापुढे जी गर्दी होती तशी मी पुन्हा पाहिली नाही. राजलक्ष्मीबाईंच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'श्रीमती सोयराबाई लाड यांनी मंडळाची चाकाची खुर्ची नेली आहे. परत कधी करणार ते त्यांनी सांगितलेलं नाही. संध्याकाळी गल्लीत भेटतील.'

विठोजीराव वॉकरवर टेकत टेकत ते वाचायला गेले, तेव्हा त्याखाली कुणीतरी पांढऱ्या खडूनं आणखी एक ओळ लिहिलेली त्यांना दिसली. अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं, एकेका अक्षराला शेपूट होतं.

'ढकलणार: शंभूराज.'